चिऱ्याच्या पोटात काय आहे? मायक्रो-सीटी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

जुलै महिन्यात गोव्यातल्या कुठल्याही जुन्या घराच्या बिनगिलाव्याच्या भिंतीवर हात टेकवून पाहा. चिरा, म्हणजे जांभा दगड, गार आणि ओला लागतो. बाहेरून ओला आहे हे कळतं, पण पाणी आत किती खोल गेलं, कुठल्या वाटेने गेलं आणि त्या वाटा एकमेकींना जोडलेल्या आहेत की मध्येच बंद होतात, हे कळत नाही. फोडून बघावं तर चिरा नेमका पोकळ्यांच्या कडेनेच फुटतो. जे बघायचं तेच मोडून हातात येतं. करवतीने कापला तर लाल भुकटी भोकांत जाऊन बसते आणि होती ती भोकंही बुजतात.

प्रश्न घराच्या भिंतीपुरता नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला, तेव्हापासून तिचा चिरा पावसाला उघडा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात दगडाच्या आत काय चाललंय हे न फोडता कळणं ही चैन म्हणता येणार नाही.

दगड न फोडता आत बघायचं साधन म्हणजे मायक्रो-सीटी, दवाखान्यातल्या सीटी स्कॅनचं बारीक डोळ्यांचं भावंड. हा लेख एमएस्सी करणाऱ्या, सिव्हिल किंवा मटेरियल्सच्या प्रोजेक्टवर असलेल्या, हातात नमुना आहे आणि मशीनची वेळ मिळाली आहे पण पुढे काय ते ठाऊक नाही, अशांसाठी लिहितोय. माझं एक ठाम मत आधीच सांगतो: स्कॅन चांगला होणार की वाया जाणार, हे मशीनचं बटण दाबण्यापूर्वीच ठरलेलं असतं. म्हणून खाली बटणाच्या आधीच्या गोष्टींवर जास्त वेळ घालवणार आहे.

क्ष-किरणांना दिसतं काय

मोपा किंवा दाबोळी विमानतळावर बॅग पट्ट्यावरून आत जाते तेव्हा पडद्यावर काजूची पाकिटं नारिंगी दिसतात आणि कुलूप निळं. ते रंग यंत्राने दिलेले असतात. मशीन दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण वापरून पदार्थ किती अडवतो ते मोजतं, हलक्या मूलद्रव्यांना नारिंगी देतं, धातूंना निळा आणि मधल्यांना हिरवा. किरण किती अडले, एवढंच मुळात मोजलेलं असतं. अडवणं अवलंबून असतं दोन गोष्टींवर: घनता आणि अणुक्रमांक. दुसऱ्याचा परिणाम कमी ऊर्जेला फार जोरात जाणवतो.

आकड्यांत सांगायचं तर १०० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचे किरण एक सेंटिमीटर पाण्यातून सुमारे ८४ टक्के पार जातात, तेवढ्याच ॲल्युमिनियममधून ६३ टक्के, आणि लोखंडातून जेमतेम ५ टक्के. चिऱ्याचं काम करणाऱ्याने लोखंडाचा आकडा लक्षात ठेवावा, कारण चिऱ्याचा लाल-पिवळा रंग लोहाच्या ऑक्साइडांचाच आहे.

रोंटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात हे किरण शोधले आणि डिसेंबरात पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं. त्या चित्रातली अडचण आजच्या साध्या एक्स-रेतही तशीच आहे: पुढचं-मागचं सगळं एकाच कागदावर एकावर एक पडतं. बसमधून जाताना माडांच्या बागेकडे बघा. क्षणभर दोन माड एकामागे एक येऊन एकच दिसतात. बस चार पावलं पुढे गेली की वेगळे होतात, कुठला जवळचा आणि कुठला लांबचा तेही कळतं. सीटीत हेच होतं, फक्त बस स्थिर असते आणि बाग फिरते. नमुना गोल फिरवत शेकडो-हजारो कोनांतून छाया घ्यायच्या आणि गणिताने प्रत्येक ठिपक्याची जागा काढायची. हे शक्य आहे असं गणित राडॉनने १९१७ मध्येच मांडलं होतं. रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन मात्र १९७१ मध्ये झाला, आणि कॉर्मॅक व हाउन्सफील्ड यांना १९७९ चं नोबेल मिळालं.

पायरी १: प्रश्न एका ओळीत लिहा

वहीत लिहा. डोक्यात असून चालत नाही. ‘चिऱ्याची अंतर्गत रचना पाहणे’ हा प्रश्न नव्हे, ते प्रबंधाचं शीर्षक आहे. ‘भिंतीच्या बाहेरच्या दोन सेंटिमीटरमधल्या ५० मायक्रॉनपेक्षा मोठ्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का?’ हा प्रश्न आहे. यात आकार आहे, जागा आहे आणि उत्तर हो-नाही येऊ शकतं.

प्रश्न लिहिल्यावर कधीकधी कळतं की सीटी नकोच आहे. खनिजं कुठली आहेत हे विचारायचं असेल तर एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) करा. स्फटिकातल्या अणूंच्या थरांवरून किरण ठरावीक कोनात परततात, त्यावरून खनिज ओळखता येतं, आणि चिमूटभर पूड पुरते. मूलद्रव्यं किती टक्के आहेत हे हवं असेल तर एक्सआरएफ (क्ष-किरण प्रतिदीप्ती). या दोन्हींत ‘काय आहे’ कळतं, ‘कुठे आहे’ बहुधा कळत नाही. सीटीचं बरोबर उलटं: कुठे आहे ते सुंदर दाखवतो, काय आहे ते नुसतं सुचवतो. मुलं हा फरक विसरतात आणि स्कॅनमधल्या प्रत्येक पांढऱ्या डागाला ‘हेमेटाइट’ (लोहाचं एक खनिज) असं लेबल लावून मोकळी होतात. त्याबद्दल पुढे बोलू.

दवाखान्यातलं सीटी मशीनही कमी समजू नका. त्याचा ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. अख्ख्या चिऱ्यातले बोटभर बोगदे किंवा समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या लांब गाभ्यातले थर बघायला तो पुरतो. वेळ मिनिटांत, खर्च कमी.

पायरी २: हिशेब करा, मग कापा

डिटेक्टरवर आडवे साधारण दोन हजार पिक्सेल असतात असं धरा. नमुना फिरताना पूर्ण वेळ त्या रुंदीत मावला पाहिजे. म्हणजे दहा मिलिमीटर जाडीच्या नमुन्याला फार तर पाच मायक्रॉनचा ठिपका मिळेल. दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडली की सहा. त्रिमितीतल्या या ठिपक्याला व्हॉक्सेल म्हणतात. अख्खी वीट ठेवून दोन मायक्रॉनचं चित्र मागणारे मला दरवर्षी भेटतात. ते होत नाही.

आता भूमिती. वीज गेल्यावर मेणबत्तीसमोर हाताच्या सावल्या करण्याचा खेळ आठवा. हात ज्योतीजवळ नेला की भिंतीवरचा ससा मोठा होतो, आणि त्याच्या कडा पसरट होतात, कारण ज्योत म्हणजे एक टिंब नव्हे, तिला रुंदी आहे. मायक्रो-सीटीत ज्योत म्हणजे एक्स-रे नळीतला स्पॉट, जिथून किरण निघतात तो ठिपका. डिटेक्टरचा पिक्सेल १५० मायक्रॉनचा असेल आणि व्हॉक्सेल ६ मायक्रॉनचा हवा असेल तर सावली २५ पट मोठी हवी. डिटेक्टर नळीपासून ७५० मिलिमीटरवर असेल तर नमुना ३० मिलिमीटरवर ठेवायचा. एवढंच गणित आहे.

पण स्पॉट सहा मायक्रॉनपेक्षा मोठा झाला तर कडा पसरणार आणि सगळी मेहनत पाण्यात. स्पॉट नळीच्या शक्तीबरोबर फुगतो. ढोबळ नियम एका वॅटला एक मायक्रॉन. म्हणून ६ मायक्रॉनसाठी साधारण ६ वॅट. ८० किलोव्होल्टला ७५ मायक्रोअँपियर म्हणजे बरोबर ६ वॅट. वेळ वाचवायला करंट वाढवण्याचा मोह इथे आवरावा.

आणखी एक: व्हॉक्सेल ६ मायक्रॉनचा म्हणजे ६ मायक्रॉनची भेग दिसेल असं नाही. एखादी गोष्ट ‘आहे’ म्हणायला ती दोन-तीन व्हॉक्सेल रुंद हवी. तिची जाडी मोजायची तर आणखी जास्त.

चिऱ्याची खोड अशी की त्याच्या पोकळ्या अंगठ्याएवढ्यापासून डोळ्यांना न दिसणाऱ्यापर्यंत सगळ्या मापांच्या असतात. एका स्कॅनमध्ये दोन्ही टोकं सापडत नाहीत. मी दोन टप्प्यांत करतो: आधी मोठा तुकडा भरड स्कॅन करायचा, त्या चित्रात बघून ठरवायचं की बारीक गाभा, म्हणजे ड्रिलने काढलेलं नळकांडं, नेमका कुठून काढायचा, मग तो गाभा बारीक स्कॅन करायचा. आंधळेपणाने काढलेल्या गाभ्यात अर्ध्या वेळा एकच मोठं भोक असतं आणि बाजूला थोडासा दगड.

पायरी ३: नमुना

कुठून घ्यायचा ते आधी. चिरेखाणीवर टाकाऊ तुकड्यांचा ढीग असतो, मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही. दुरुस्ती चालू असलेल्या घराचा मालकही देतो. संरक्षित वास्तूचा मात्र नखाएवढा कपचाही उचलू नका, खाली पडलेला असला तरी. पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय तो गुन्हा आहे.

आकार गोल नळकांडीसारखा हवा. चौकोनी तुकडा फिरताना किरणांना कधी बाजूएवढी तर कधी कर्णाएवढी जाडी पार करावी लागते, आणि कोपऱ्यांतून चित्रात रेषा फुटतात. हिऱ्याच्या पोकळ ड्रिलने गाभा काढता येतो. मऊ चिरा पाण्याखाली ड्रिल केला तर आतली माती धुऊन जाते, त्यामुळे शक्यतो कोरडं आणि सावकाश. तरीही ढासळत असेल तर ओबडधोबड तुकडाच प्लॅस्टिकच्या नळीत बसवा. थोडं कमी देखणं चित्र ढासळलेल्या गाभ्यापेक्षा बरं.

काढण्यापूर्वी वरची बाजू आणि भिंतीची बाहेरची बाजू कुठली ते नमुन्यावरच कोरून ठेवा. पेनची खूण स्कॅनमध्ये दिसत नाही, बारीक खाच दिसते. हे सांगायला लाज वाटावी इतकं साधं आहे, पण पाणी कुठून कुठे गेलं हा प्रश्न असताना वर-खाली हरवलं तर उरतं काय?

वाळवणं ही गोव्यातली खरी डोकेदुखी. पावसाळ्यात बाकावर ठेवलेला चिरा वाळतच नाही. एसीच्या खोलीत मशीनमध्ये ठेवला की तासाभरात वाळायला लागतो, वाळताना आकसतो, आणि स्कॅन चालू असताना आकसला की गेलं. ओव्हनमध्ये ६० अंशांवर ठेवा, रोज वजन करा, लागोपाठ दोन दिवस वजन तेच राहिलं की तो वाळला. नंतर झाकणबंद डब्यात सिलिका जेलसोबत. घाई म्हणून तापमान फार चढवू नका. काही चिकणमाती खनिजं पाणी सोडून स्वतःच बदलतात.

पायरी ४: घट्ट बसवा

माझा एक पूर्ण दिवस या पायरीवर गेलेला आहे. नमुना देखणा, हिशेब चोख, पाच तासांचा स्कॅन. नमुना ठेवायच्या बैठकीला मुलांच्या खेळातली रंगीत क्ले लावली होती, कारण पटकन बसते. नळीच्या उबेने क्ले हळूहळू मऊ पडली आणि गाभा पाच तासांत केसभर कलला. केसभर म्हणजे पन्नास-साठ मायक्रॉन, म्हणजे दहा व्हॉक्सेल. चित्रातल्या प्रत्येक पोकळीला दोन-दोन कडा आल्या होत्या.

तेव्हापासून ग्लू गन किंवा एपॉक्सी. दुहेरी टेप दमट हवेत सुटतो, विश्वास ठेवू नका. चिकटवल्यावर बैठक मशीनमध्ये ठेवून अर्धा तास तशीच सोडा, म्हणजे तापमान स्थिरावतं. नळीलाही तेवढा वेळ गरम होऊ द्या, थंड नळीचा स्पॉट सरकत राहतो. आणि स्कॅन संपल्यावर एक साधी कसोटी करा: शून्य अंशाची छाया आणि ३६० अंशांची छाया एकमेकींतून वजा करा. उरलेलं चित्र करडं सपाट असेल तर नमुना हलला नाही. कडांची रेघ उमटली तर हलला, रिकन्स्ट्रक्शनला, म्हणजे छायांवरून त्रिमिती चित्र बांधायला, बसण्यात अर्थ नाही. ही कसोटी दोन मिनिटांची आहे, आणि त्या दिवशी मी ती केली असती तर संध्याकाळ तरी वाचली असती.

पहिला नमुना म्हणून चिरा घेऊच नका, खरं तर. मिरामारच्या वाळूत सापडणारा छोटा शंख घ्या. कोरडा असतो, ताठ असतो, आकसत नाही, सगळा एकाच पदार्थाचा, आणि हवेशी फरक स्वच्छ. इलियट आणि डोव्हर यांनी १९८२ मध्ये मायक्रो-सीटीचं तंत्र मांडलं तेव्हा त्यांनीही गोगलगायीचा शंखच वापरला होता. सोलायच्या आधीची काजूची बी दुसऱ्या क्रमांकाला ठेवा: सालीच्या आतली तेलाची जाळी मधाच्या पोळ्यासारखी दिसते. फक्त ती जैविक, म्हणून ४०-५० किलोव्होल्टच पुरे, जास्त ऊर्जेला सगळंच पारदर्शक होतं.

सुरक्षेबद्दल

प्रयोगशाळेतली मायक्रो-सीटी बहुतेक शिशाच्या बंद कपाटात असते. दार उघडलं की नळी आपोआप बंद होते. ती कळ कुणी चिकटपट्टीने दाबून ठेवलेली दिसली तर त्या मशीनवर काम करू नका, कोणी कितीही मोठा माणूस सांगत असला तरी. अशा यंत्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते आणि ती त्यांच्या ई-लोरा पोर्टलवरून घेतात. परवान्याची प्रत बघायला मागणं उद्धटपणा नाही. सर्वसामान्य माणसासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे, आणि नीट चालणाऱ्या कपाटाबाहेर तिच्या जवळपासही जायला नको. नियमित काम करणाऱ्यांनी अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज लावावा, आणि तो ड्रॉवरमध्ये नव्हे, छातीवर.

पायरी ५: ऊर्जा, फिल्टर, कोन

चांगला नियम: नमुन्याच्या सर्वांत जाड भागातून १०-१५ टक्के किरण पार यायला हवेत. खूप जास्त आले तर फरक दिसत नाही, खूप कमी आले तर नुसता खरखरीत नॉइज. मशीनवर थेट छाया बघत व्होल्टेज हळूहळू वाढवा आणि सर्वांत काळ्या भागाची उघड्या जागेशी तुलना करा.

नळी १०० किलोव्होल्टला चालते म्हणजे सगळे किरण १०० केईव्हीचे असतात, असा गैरसमज फार पसरलेला आहे. १०० ही वरची मर्यादा; त्याखालचे सगळे असतात. त्यातले मऊ, कमी ऊर्जेचे किरण नमुन्याच्या पहिल्या थरातच संपतात आणि आत पोचतात ते कडकच. गणित मात्र धरून चालतं की किरण सर्वत्र सारखे. परिणाम: गाभ्याची कड उजळ आणि मध्य काळपट, वाडग्यासारखा. चिऱ्याच्या बाबतीत हे धोक्याचं आहे, कारण ‘बाहेरच्या थरात लोह जास्त साचलंय’ असा सुंदर, छापण्यासारखा आणि सपशेल खोटा निष्कर्ष निघतो. उपाय म्हणून नळीसमोर ॲल्युमिनियमचा एक मिलिमीटर किंवा तांब्याचा दशांश मिलिमीटरचा पत्रा लावा, मऊ किरण आधीच गाळून टाका. शंका असेल तर त्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा एकजिनसी दांडा स्कॅन करा. त्यातही वाडगा दिसला तर दोष दगडाचा नाही.

कोन किती? डिटेक्टरच्या रुंदीच्या दीडपट म्हणजे अर्ध्या फेरीत तीन हजारांच्या घरात, हे पुस्तकी उत्तर. व्यवहारात पूर्ण फेरीत दोन हजारांवर बरंच काम होतं. प्रत्येक कोनाला एक सेकंदाच्या दोन छाया घेऊन सरासरी काढली तर चार हजार सेकंद, म्हणजे ६७ मिनिटं. सुरुवातीला नमुना बाजूला घेऊन उघड्या किरणांची एक छाया आणि नळी बंद ठेवून एक छाया घ्यायलाच हवी. पिक्सेलांचे जन्मजात दोष त्यानेच वजा होतात. पावसाळ्यात वीज डोळा मारते, तेव्हा यूपीएसवर मशीनसोबत संगणकही आहे ना तेही बघा. मशीन चालू आणि संगणक बंद हा प्रकार मी पाहिलाय.

पायरी ६: रिकन्स्ट्रक्शन

शंकूसारख्या पसरणाऱ्या किरणांसाठी फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस यांनी १९८४ मध्ये दिलेली पद्धत आजही बहुतेक मशीनांत वापरतात. बटण दाबलं की होतं. तुमचं काम दोष ओळखण्याचं.

मध्याभोवती पाण्यात दगड टाकल्यासारखी वर्तुळं दिसली तर डिटेक्टरचे काही पिक्सेल वेडे झालेत. उघडी छाया पुन्हा घ्या, सॉफ्टवेअरमधली रिंग सुधारणा बेताने वापरा. सगळ्या कडा दुहेरी, अर्धचंद्रासारख्या दिसल्या तर फिरण्याचा मध्य चुकलाय, तो अर्ध्या-अर्ध्या पिक्सेलने सरकवून कडा जुळेपर्यंत बघा. मध्य सरकवूनही जुळत नसेल, किंवा वरच्या कापात जुळतो आणि खालच्या कापात नाही, तर नमुना हलला आहे. वरची वजाबाकी केली होती ना? लोहाच्या घट्ट गाठींतून पांढऱ्या-काळ्या रेषा फुटल्या तर तिथून किरणच पार आले नाहीत, व्होल्टेज वाढवा किंवा गाभा बारीक करा. आणि सगळ्यांत वरचे व सगळ्यांत खालचे काप शंकूच्या भूमितीमुळे थोडे बिघडलेलेच असतात, ते मोजणीतून सोडून द्या.

फुकट सॉफ्टवेअरमध्ये रिकन्स्ट्रक्शनसाठी टोमोपाय आणि ॲस्ट्रा, बघण्या-मोजण्यासाठी फिजी आणि थ्रीडी स्लायसर. हजारोंची फी असलेली पॅकेजं चकचकीत चित्रं काढतात, पण पहिल्या वर्षी फिजीतच बसा. प्रत्येक पायरी हाताने केल्याशिवाय कुठे चुकतंय ते कळत नाही.

दोन हजारांचा घन, प्रत्येक व्हॉक्सेलला दोन बाइट: १६ जीबी. लॅपटॉपची रॅम बघून मग उघडा. मूळ छाया कधीही पुसू नका. रिकन्स्ट्रक्शन पुन्हा करता येतं, स्कॅनची वेळ पुन्हा मिळत नाही.

पायरी ७: करडा रंग म्हणजे पदार्थ नव्हे

आता ती मघाची गोष्ट. चिऱ्याच्या कापात गोएथाइट (लोहाचं खनिज) आणि केओलिनाइट (चिकणमातीचं खनिज) डोळ्यांना झटकन वेगळे दिसतात, कारण ६० केईव्हीला पहिला दुसऱ्याच्या पाचपटींहून जास्त किरण अडवतो. इथपर्यंत ठीक. पण क्वार्ट्झ आणि केओलिनाइट यांची घनता आणि अणुक्रमांक इतके जवळ की करड्या छटेवरून ते वेगळे सांगता येत नाहीत. आणि भोकाभोकांचा हेमेटाइट, ज्याची भोकं व्हॉक्सेलपेक्षा लहान आहेत, तो घट्ट गोएथाइटइतकाच करडा दिसू शकतो. म्हणून लेबलं लावण्यापूर्वी त्याच तुकड्याच्या उरलेल्या भागाची एक्सआरडी करून कुठली खनिजं आहेत ते जाणून घ्या. मग छटा वाटायला बसा.

पोकळी आणि दगड वेगळे करायला एक सीमा ठरवावी लागते. ओत्सु यांची १९७९ ची पद्धत हिस्टोग्राममधल्या (कुठल्या छटेचे किती व्हॉक्सेल, हा आलेख) दोन टेकड्यांच्या मधली जागा स्वतः शोधते आणि शंखावर उत्तम चालते. चिऱ्याच्या हिस्टोग्रामला टेकड्या नसतात, एक लांब उतार असतो. तिथे मी तीन वेगवेगळ्या सीमांवर सच्छिद्रता काढतो आणि तिन्ही आकडे लिहितो. एकच आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत देणारा अहवाल दिसला की मला आधी सीमा कुठे धरली हे विचारावंसं वाटतं.

ताळा पाण्याने करा. गाभा वाळवून वजन, निर्वातात पाणी भरून वजन, आणि पाण्यात लटकवून वजन. भरलेल्यातून कोरडं वजा, त्याला भागिले भरलेल्यातून लटकवलेलं वजा: ही उघड्या पोकळ्यांची टक्केवारी. चिऱ्यात ती सीटीच्या आकड्यापेक्षा जास्त येईल, कारण व्हॉक्सेलपेक्षा बारीक भोकं पाण्याला सापडतात आणि स्कॅनला नाहीत. तो फरक लपवू नका. बारीक भोकांत किती जागा आहे, हे तो फरकच सांगतो. सीटीचा आकडा जास्त आला तर मात्र सीमा चुकली आहे, किंवा बंद पोकळ्या फार आहेत.

पोकळ्या जोडलेल्या आहेत का, यासाठी फिजीत मॉर्फोलिबजे हे प्लगिन घ्या आणि जोडलेल्या समूहांना वेगवेगळे क्रमांक द्या. कोपऱ्याला कोपरा लागला तरी जोडलं मानायचं की बाजूला बाजू लागली तरच, हे तुम्ही ठरवता आणि उत्तर त्याने बदलतं. मी बाजूचाच नियम धरतो. पाणी गणितातल्या टिंबातून वाहत नाही.

मशीन कुठे मिळेल, आणि ते अपुरं पडलं तर

सरकारी पैशाने घेतलेली उपकरणं देशात कुठे कुठे आहेत आणि वेळ कशी मागायची, हे आय-स्टेम पोर्टलवर सापडतं. अर्जात पायरी १ ची ती एक ओळ आणि पायरी २ चा हिशेब लिहा. ऑपरेटर माणूस आहे. हिशेब करून आलेल्याला तो दोन नमुने जास्त टाकू देतो.

प्रयोगशाळेतल्या नळीला मर्यादा आहेत. फरक फार फिका असेल, किंवा काही सेकंदांत बदलणारी गोष्ट पकडायची असेल, तर सिंक्रोट्रॉन, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर क्ष-किरण काढणारं मोठं यंत्र. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातला इंडस-२ हा २.५ जीईव्हीचा, आणि त्यावर इमेजिंगची स्वतंत्र बीमलाइन आहे. तिथले किरण प्रखर आणि शिस्तीत येतात, त्यामुळे ते अडले किती एवढंच नव्हे, वळले किती तेही पकडता येतं. व्हेसुव्हियसच्या राखेत जळून कोळसा झालेल्या हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्या ऑक्सफर्डजवळच्या डायमंड सिंक्रोट्रॉनवर स्कॅन झाल्या आणि २०२३ मध्ये त्यातला ‘जांभळा’ या अर्थाचा ग्रीक शब्द न उलगडता वाचला गेला. कोळशाच्या कागदावर कोळशाची शाई! आपल्या चिऱ्याला एवढं लागत नाही. पहिल्यांदाच सिंक्रोट्रॉनचा अर्ज भरायला बसू नका, आधी घरची नळी नीट वापरा.

शेवटचा स्कॅन ओला

आता पाण्याच्या वाटांकडे. कोरडा स्कॅन झाल्यावर गाभा बैठकीवरून न काढता त्याच्या एका टोकाला पाणी लावायचं आणि पुन्हा स्कॅन करायचा. साधं पाणी चिऱ्यात फिकं दिसतं, म्हणून त्यात पोटॅशियम आयोडाइड सुमारे दहा टक्के विरघळवा. आयोडीन ३३.२ केईव्हीच्या वर किरण एकदम जास्त अडवतं, आणि ८० किलोव्होल्टच्या नळीतले बरेचसे किरण त्याच भागात असतात. पाणी पोचेल तिथे चित्र उजळतं. दोन्ही स्कॅन एकमेकांवर नेमके बसवून कोरडा वजा केला की उरतो तो फक्त पाण्याचा मार्ग, आणि भिंतीवर हात टेकवून विचारलेला प्रश्न तिथे नजरेने बघता येतो.

बाष्पीभवन टाळायला गाभ्याभोवती पातळ प्लॅस्टिकची नळी आणि वर झाकण, नाहीतर पाणी स्कॅनच्या मध्येच जागा बदलतं. द्रावण ताजं करा, ठेवलं की पिवळं पडतं. आणि हा स्कॅन सगळ्यांत शेवटी ठेवा, एक्सआरडी आणि एक्सआरएफचे तुकडे बाजूला काढून झाल्यावर. आयोडीन शिरलेला चिरा रासायनिक तपासणीला परत चालत नाही.